‘वरदान की शाप’ हा प्रश्न बदलला तेव्हा : एका महाविद्यालयातल्या वादविवादाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे कला-वाणिज्य महाविद्यालय. ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत, माणसांची नावंही दिलेली नाहीत. तालुक्याचा अर्धा भाग बागायती, अर्धा कायम टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला. त्यामुळे वर्गात ऊस उत्पादकांची मुलं असतात तशी दुष्काळी वाड्यांवरची असतात, धरणात गाव गेलेल्या घरातली असतात, आंबेडकरी वस्तीतली असतात आणि वसतिगृहात राहून शिकणारी विमुक्त जमातींचीही असतात.

दरवर्षी इथे वादविवाद स्पर्धा होते. विषय सूचना फलकावर लागतो, बाजू चिठ्ठी टाकून ठरते, बोलायला चार मिनिटं आणि प्रतिवादाला दोन. त्या वर्षीचा विषय होता ‘ब्रिटिश राजवट : भारतासाठी वरदान की शाप?’ आमच्या पिढीनेही शाळेत याच विषयावर भाषणं ठोकली आहेत. एका बाजूने रेल्वे, तार, इंग्रजी शिक्षण; दुसऱ्या बाजूने लूट, फोडा आणि झोडा, जालियनवाला बाग. मुद्दे सगळ्यांना पाठ असतात. विषय निरुपद्रवी आहे असं समितीतल्या सगळ्यांनाच वाटत होतं, म्हणून त्यावर चर्चाही झाली नाही. मी त्या समितीत इतिहासाचा शिक्षक म्हणून होतो.

अडचण कशी उभी राहिली

प्राथमिक फेरीत एफ.वाय.च्या एका मुलीला ‘वरदान’ची चिठ्ठी आली. तिने पाठ्यपुस्तकातली रेल्वे बाजूला ठेवली आणि घरचं सांगितलं. तिचे पणजोबा १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाले होते. घरातला पहिला पगार, पहिली पेन्शन, पहिलं लिहिता-वाचता आलेलं माणूस, सगळं तिथून सुरू झालं. मग ती जोतीराव फुल्यांकडे वळली. पेशवाईत ज्यांना शिकायची बंदी होती, त्यांना इंग्रजी अमलात शाळेची वाट दिसली, हे फुल्यांनीच लिहून ठेवलंय, असं ती म्हणाली. मुद्दा नेटका होता आणि ती मनापासून बोलत होती.

समोर टी.वाय.चा एक मुलगा होता, दुष्काळी पट्ट्यातल्या शेतकरी घरचा. त्याने १८७६-७८ चा दुष्काळ काढला. माणसं रस्त्यावर मरत असताना १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला ‘कैसर-ए-हिंद’ जाहीर करण्यात आलं आणि धान्याची निर्यात चालूच राहिली, हे त्याने घसा कोरडा पडेस्तोवर सांगितलं. हेही खरंच होतं. पण प्रतिवादाच्या दोन मिनिटांत त्याचा तोल गेला. ‘ज्यांच्या घरच्यांनी साहेबाची चाकरी केली त्यांना साहेब गोडच लागणार,’ असं वाक्य त्याच्या तोंडून निघालं.

सभागृहात आरडाओरडा झाला. मागच्या बाकावरून कोणीतरी मोबाईलवर चित्रण केलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यातला जेमतेम अर्ध्या मिनिटाचा तुकडा गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या टेबलावर दोन निवेदनं होती. एकात म्हटलं होतं, महाविद्यालयात इंग्रजांचं गुणगान चालतं, स्पर्धा रद्द करा. दुसऱ्यात म्हटलं होतं, समाजाचा अपमान झाला आहे, मुलावर कारवाई करा. अंतिम फेरीला तीन आठवडे होते.

समोर असलेले पर्याय

प्राचार्यांनी समितीला बोलावलं तेव्हा संस्थेचे सचिवही आले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं : ‘सर, स्पर्धा रद्द करा, पुढच्या वर्षी बघू.’ संस्था चालवणाऱ्या माणसाला गावात रोज दहा जणांना तोंड द्यावं लागतं, त्यामुळे ही सूचना हलक्यात घेण्यासारखी नव्हती. पण रद्द करण्याचा अर्थ दोन्ही निवेदनांनी आपापल्या सोयीने लावला असता, आणि मधल्यामध्ये त्या मुलीच्या वाट्याला ‘तुझ्यामुळे स्पर्धा बंद पडली’ हे वाक्य आयुष्यभर आलं असतं.

दुसरी सूचना विषय बदलण्याची होती. प्लॅस्टिकमुक्ती घ्या, मोबाईलचे दुष्परिणाम घ्या. तिसरी होती ज्येष्ठ अभ्यासकाचं व्याख्यान ठेवण्याची. व्याख्यानाला माझा विरोध होता. पाहुणे येतात, छान बोलतात, शाल-श्रीफळ घेऊन जातात, आणि मुलांच्या मनातला प्रश्न होता तिथेच राहतो. चौथी सूचना अशी की मुलाने व्यासपीठावर जाहीर माफी मागावी आणि स्पर्धा आहे तशी पुढे न्यावी. ती जवळजवळ मान्य झाली होती.

तेव्हा ग्रंथपाल मॅडमनी एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्या म्हणाल्या, ‘माफी मागेल तो, पण विषय तोच राहिला तर पुढच्या फेरीत दुसरं कोणीतरी हेच बोलेल. वरदान कोणाला आणि शाप कोणाला, हे विषयात कुठे आहे?’ या प्रकरणातला पहिला खरा निर्णय इथे झाला. सगळा देश जणू एकच माणूस आहे आणि त्याला एकच फळ मिळालं, असं धरून तो विषय बेतलेला होता. त्यामुळे ज्या मुलीला आपल्या घरच्यांचं खरं सांगायचं होतं तिला सगळ्या साम्राज्याची वकिली करावी लागली, आणि ज्याला दुष्काळाचं दुःख मांडायचं होतं त्याला तिच्या घरावर हात टाकावासा वाटला. शेवटी ठरलं : विषय सोडायचा नाही, प्रश्न बदलायचा, नियमही बदलायचे. सचिवांनी एक अट घातली की निवेदन देणाऱ्या दोन्ही गटांना आधी भेटायचं. ती योग्यच होती.

काय केलं

आधी दोन्ही मुलांशी वेगवेगळं बोलणं झालं. मुलगा पहिल्यांदा ऐकायला तयार नव्हता. ‘मी इतिहासच सांगितला सर’ एवढंच म्हणत होता. त्याच्या आजीने त्याला सावकाराच्या गोष्टी सांगितल्या होत्या. खापरपणज्याची जमीन कोर्टाच्या एका हुकुमाने गेली, ही त्या घरातली जुनी जखम. मुलीला ते सांगितलं तेव्हा ती गप्प बसून ऐकत होती. मग तिने विचारलं, ‘मग तो मला का बोलला?’ याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते त्यानेच द्यायचं होतं.

मग वाचनालयातल्या लांब टेबलावर कागद मांडले. अंतिम फेरीतल्या सगळ्या जोड्यांनी रोज दुपारी तिथे बसायचं ठरलं. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेले डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचे खंड, फुल्यांचं समग्र वाङ्मय आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे जिल्हावार खंड आमच्या वाचनालयात होते. बरीच वर्षं कोणी हात लावला नव्हता. मुलांना सांगितलं की दुसऱ्याने केलेला सारांश आणू नका, मूळ कागद वाचा.

या दुपारी मी विसरू शकत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मुलीने १९३० च्या गोलमेज परिषदेतलं बाबासाहेबांचं भाषण काढलं. त्यात ते एकामागून एक प्रश्न विचारत जातात. इंग्रज येण्याआधी आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आता येतं का? देवळात जाता येत नव्हतं, आता येतं का? पोलिसांत घेत नव्हते, आता घेतात का? लष्करात? उत्तर प्रत्येक वेळी नाही. ती मोठ्याने वाचत होती आणि लष्कराच्या प्रश्नाशी थांबली. तिच्या पणजोबांची भरती १९४१ ची. मग शोधत मागे गेल्यावर कळलं की ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात महार मोठ्या संख्येने फौजेत होते, आणि १८९० च्या दशकात ‘लढवय्या जाती’चं, म्हणजे काही ठरावीक जातींनाच सैन्यात घेण्याचं, धोरण आणून इंग्रज सरकारनेच ती भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांपासून शिवराम जानबा कांबळ्यांपर्यंत महार समाजातले पुढारी भरतीसाठी अर्ज करत राहिले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभारली, युद्ध सरल्यावर मोडली. १९४१ ला दार उघडलं ते पुन्हा युद्ध पेटलं होतं म्हणून, आणि पन्नास वर्षं कोणीतरी ते ठोठावत राहिलं होतं म्हणून.

तिने वहीत लिहिलं होतं ते तिच्या परवानगीने देतो : ‘पणजोबांना नोकरी साहेबाने दिली नाही. मागणाऱ्यांनी मिळवली.’

शाळांचंही तसंच निघालं. फुल्यांनी १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन तिने वाचलं. सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, अशी त्यांची तक्रार आहे. प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी आहे. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारने फेटाळला होता, हेही पुढे आलं. म्हणजे फुल्यांनी इंग्रजी अमलाचं स्वागत केलं हे जितकं खरं, तितकंच त्याच अमलाला त्यांनी जाब विचारला हेही खरं. तिच्या पहिल्या भाषणात यातला अर्धाच भाग होता.

मुलाचं काम दुष्काळाचं. त्याने रिचर्ड टेम्पलचं प्रकरण शोधलं. दुष्काळी कामावर दगड फोडणाऱ्या माणसाला दिवसाला एक रतल (सुमारे अर्धा किलो) धान्य पुरतं असा हिशेब या अधिकाऱ्याने मांडला, आणि १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कमी मजुरीवर काम करायचं नाकारून कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. दख्खन आणि मद्रासकडच्या त्या दुष्काळात मेलेल्यांचे अंदाज पन्नास लाखांच्या वरचे आहेत. उपाशी माणसांनी केलेलं हे आंदोलन शाळेत कोणी शिकवलं नव्हतं याचा त्याला राग आला, आणि तो राग मला पटला.

त्याच दुष्काळातलं एक पत्र मग टेबलावर आलं : सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ ला जुन्नरजवळच्या ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं. दुष्काळाने गावं कशी झाली आहेत, सत्यशोधक समाजाची मंडळी काय करताहेत, अधिकाऱ्यांपुढे कसं उभं राहावं लागतंय, ते सगळं त्यात आहे. ते पत्र मुलीने मुलाच्या पुढे सरकवलं. दोघांची बाजू एकच झाली असं मुळीच नाही. पण तिच्या बाजूची माणसं त्याच्या दुष्काळात उपाशी पोरांना जेवू घालत होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी वाचनालय बंद व्हायच्या वेळी त्याने तिची क्षमा मागितली. जाहीर नाही, टेबलाशीच. जाहीर मागायला लावायची की नाही यावर समितीत पुन्हा चर्चा झाली. मुलीला विचारलं. ती म्हणाली, ‘मला मिळाली, बास.’ आम्ही तिथेच थांबलो.

सावकाराच्या प्रश्नाने मात्र त्याची पंचाईत केली. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, तिथून दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. कारणं पाहायला गेल्यावर एकात एक अडकलेली निघाली. रोख शेतसारा चढा, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाचा भाव वाढला आणि युद्ध संपताच कोसळला, सावकाराने हात आखडला, आणि नवी दिवाणी कोर्टं सावकाराच्या कागदावर डोळे झाकून हुकूमनामे देऊ लागली. जमीन नेणारा सावकार आपला, नेऊ देणारं कोर्ट साहेबाचं. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना मदत देणारा कायदा याच दंग्यांनंतर आला. ‘मग मी कोणत्या बाजूने बोलू?’ असं तो विचारायला आला, तेव्हा आमचा नवा नियम तयार झाला.

नवे नियम

चिठ्ठ्या बंद केल्या. यावर समितीत मतभेद होते आणि अजूनही आहेत. चिठ्ठीने आलेली बाजू मांडताना मुलं न पटणाऱ्या मताच्या आत शिरायला शिकतात, हे मराठीच्या सरांचं म्हणणं मला मान्य आहे. पण ज्या विषयात बोलणाऱ्याच्या घरची जखम व्यासपीठावर येते, तिथे बाजू चिठ्ठीवर सोडणं मला क्रूर वाटतं.

‘वरदान की शाप’ऐवजी प्रत्येक जोडीने ब्रिटिश काळातली एक व्यवस्था किंवा एक कायदा निवडायचा आणि तीन गोष्टी सांगायच्या : त्याचा लाभ कोणाला झाला, किंमत कोणी मोजली, आणि १९४७ नंतर तो कोणी व का चालू ठेवला. हातात एक मूळ कागद हवाच. समोरच्याने मागितला तर वाचून दाखवायचा. प्रतिवादाआधी समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत सांगायचं. स्वतःच्या घराबद्दल बोलायला मुभा, दुसऱ्याच्या घराबद्दल नाही.

निवेदन देणाऱ्या दोन्ही गटांना प्राचार्यांनी चहाला बोलावून हे नियम दाखवले, प्राथमिक फेरीचं महाविद्यालयाने केलेलं पूर्ण चित्रण दाखवलं आणि अंतिम फेरीला या म्हणून सांगितलं. एक गट आला. दुसरा आला नाही, पण आडही आला नाही.

अंतिम फेरीत काय झालं

फेरी खुल्या मंचावर न घेता वाचनालयाच्या सभागृहात झाली. गर्दी नेहमीपेक्षा कमी होती.

रेल्वे घेतलेल्या जोडीने १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीचं कौतुक केलं, आणि रेल्वे कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के परताव्याची हमी हिंदुस्थानच्या महसुलातून दिली गेली होती हेही सांगितलं. बोरघाट फोडताना पटकीने आणि अपघातांनी मेलेल्या हजारो मजुरांचा उल्लेख झाला तेव्हा सभागृह शांत होतं. दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या अपहरणाचा, म्हणजे इथली संपत्ती इंग्लंडला वाहून जाते हा, सिद्धान्त मुलांनी याच हमीच्या आधारे समजावला, तो मला वर्गात इतका सोपा करून सांगता आला नव्हता.

टी.वाय.च्या मुलाने आणेवारी घेतली. पिकाचा अंदाज आण्यात मोजून शेतसाऱ्यात सूट द्यायची की नाही हे ठरवायची इंग्रजी महसूल खात्यातली रीत, आज पैसेवारी म्हणून चालू आहे. पन्नास पैशांच्या आत आली की गाव दुष्काळी मानायची जुनी रीत. आपल्या गावची पैसेवारी कागदावर पन्नासच्या वर राहते आणि विहिरी कोरड्या पडतात, हे त्याने तलाठ्याच्या नावाने बोटं न मोडता सांगितलं. मागे बसलेले दोन शेतकरी पालक नंतर त्याच्याकडे येऊन बराच वेळ बोलत होते.

सर्वांत जड भाषण वसतिगृहातल्या एका विमुक्त जमातीच्या मुलाचं झालं. त्याने १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा घेतला होता. आधी उत्तरेत, पुढे १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यातही. जन्माने गुन्हेगार, पोलीस पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर दाखला, आणि सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, त्याच्या आजोबांना जखडणारा हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. ‘आणि १९५९ ला मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. तो इंग्रजांनी नाही केला,’ एवढं बोलून तो खाली बसला. प्रतिवादाला उभ्या राहिलेल्या जोडीने त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत परत सांगितलं आणि आम्हाला प्रतिवाद करायचा नाही, असं म्हटलं. नियमात हे बसत नव्हतं. परीक्षकांनी चालवून घेतलं.

धरणग्रस्त घरातल्या दोन मुली १८९४ च्या भूसंपादन कायद्यावर बोलल्या. इंग्रजांनी केलेला हा कायदा वापरून स्वतंत्र महाराष्ट्राने धरणं बांधली, गावं उठवली, आणि तो २०१३ चा नवा कायदा येईपर्यंत टिकला. सचिव पहिल्या रांगेत होते. त्यांचंही मूळ गाव पाण्याखाली आहे, हे तेव्हा कळलं.

एफ.वाय.च्या मुलीने लष्कर भरतीच घेतली. तिच्या काकांनी घरी सांगितलं होतं की बोल, पण फलकावर नाव नको. त्यामुळे नाव छापलं नाही. पहिला क्रमांक तिला मिळाला नाही. परीक्षकांपैकी एकाने ‘भाषण कोरडं, आवेश कमी’ म्हणून गुण कापले. मला तो निर्णय पटला नाही, कारण तिच्या त्या संथ बोलण्यातच पन्नास वर्षांच्या अर्जांचा सगळा हिशेब होता.

वेगळं काय करता आलं असतं

विषय फलकावर लावण्याआधी समितीने तो वर्गातल्या निरनिराळ्या मुलांच्या जागी उभं राहून वाचून पाहायला हवा होता. हे काम पाच मिनिटांचं आहे.

प्राथमिक फेरी संपली त्याच संध्याकाळी दोन्ही मुलांशी बोलणं व्हायला हवं होतं. आपसात ठरवण्यात दीड दिवस गेला, आणि तेवढ्यात तुकडा गावभर झाला. पूर्ण चित्रण महाविद्यालयाकडे होतं. ते पहिल्याच रात्री दोन्ही घरी दाखवता आलं असतं. तो तुकडा आजही अधूनमधून कुठल्यातरी ग्रुपवर निघतो, आणि त्याखाली लिहिणाऱ्यांना अंतिम फेरीत काय झालं याचा पत्ता नसतो. या बाबतीत नुकसान भरून निघालेलं नाही.

टेबलावर आम्ही मांडलेल्या कागदांत विमुक्तांबद्दल एकही कागद नव्हता. शेतकरी आणि दलित असे दोनच पक्ष समितीने डोळ्यांसमोर धरले, कारण निवेदनं त्या दोघांकडूनच आली होती. वसतिगृहातल्या त्या मुलाने स्वतः येऊन विचारलं म्हणून त्याचा विषय आला. ज्यांच्याकडून निवेदन येत नाही त्यांच्यासाठी कागद आधीपासून असायला हवेत. आता वाचनालयात तशी पेटी केली आहे : साथरोग कायदा १८९७ आणि पुण्यातला प्लेग, राजद्रोहाचं कलम आणि टिळकांवरचे खटले, वनकायदे आणि आदिवासी गावं, असे गठ्ठे त्यात घातले आहेत.

परीक्षकांची गुणपत्रिकाही बदलायला हवी होती. नियम नवे आणि गुण जुनेच : उच्चार, हावभाव, आवेश. ती बदलण्याचं काम सध्या चालू आहे. कागद नेमका वाचला का, समोरच्याचं म्हणणं प्रामाणिकपणे मांडलं का, याला निम्मे गुण असावेत असा माझा आग्रह आहे. मराठीचे सर एक तृतीयांशावर अडून बसले आहेत. चिठ्ठीच्या प्रश्नावरही त्यांनी लेखी टिपण दिलं आहे, आणि दोन्हींचा निर्णय पुढच्या बैठकीत व्हायचा आहे.